मेजर मेडिकल पास होतात

आमच्या गल्लीत भाऊजींना सगळे मेजर म्हणतात. ते मेजर कधीच नव्हते. सैन्यात ते ट्रक चालवायचे आणि निवृत्त झाले त्या दिवशीही ट्रकच चालवत होते. पण गल्लीला कुणाला बढती द्यायची तर वरून मंजुरी लागत नाही. भाऊजींनी सुरुवातीला चार-दोन जणांना समजावून पाहिलं, की बाबांनो, मेजर फार मोठा माणूस असतो, मी साधा ड्रायव्हर. मग न्हावीही मेजर म्हणायला लागला तेव्हा त्यांनी नाद सोडला. मी मात्र त्यांना भाऊजीच म्हणते. माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, आणि मेव्हणीनं भाऊजींना मान द्यायचा तो चिडवायला पुरेल इतकाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी लाँड्री रस्त्याला लागून आहे आणि ताईचं घर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. इस्त्रीच्या टेबलामागे दिवसभर उभं राहिलं की जिन्यावरून कोण कसं उतरतं ते आपोआप दिसतं. भाऊजी उतरायचे ते संचलनाला निघाल्यासारखे. छाती पुढे, मान सरळ, नजर समोर. येणारेजाणारे म्हणायचे, या वयात काय ताठ आहे माणूस. मला तेव्हा गंमत वाटायची. त्यांना तसं ताठ राहावंच लागत होतं, जरा कुठे कललं तर कंबरेतून कळ निघून थेट टाचेपर्यंत जात होती, हे कळलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

कळलं तेही कसं, तर एका दुपारी ते लाँड्रीत आले आणि त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. मी म्हटलं, भाऊजी, एकच चप्पल घालायची नवी फॅशन आली का? त्यांनी खाली पाहिलं. चप्पल जिन्यातच निघून पडली होती आणि तसेच चालत आले होते. त्यांना पत्ताच नव्हता. मी हसत होते, ते हसत नव्हते. चप्पल आणून मी त्यांच्या पायापुढे ठेवली, तर बोटं नीट आत जाईनात. बोटांना काही लागतच नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले आणि दिव्यासमोर धरून ताईला दाखवले. मणक्यांमधल्या तीन गाद्या झिजून बाहेर आल्या होत्या आणि पायाकडे जाणारी नस दाबत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ऑपरेशन करा, आणि या वर्षात करा. उशीर झाला तर पाऊल लुळं पडेल, मग ऑपरेशन करूनही ते परत येणार नाही. तिथे असलं ऑपरेशन होत नव्हतं, आणि बाहेर खासगीत करायचं तर माझी लाँड्री विकूनही भागलं नसतं. सैन्याच्या इस्पितळात ते फुकट होतं, पण एका अटीवर. पाठ नोकरीत गेली हे सैन्यानं मान्य करायला हवं. त्यासाठी दावा लावायचा, मग डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहायचं. भाऊजींनी दावा लावला.

बोर्डाच्या आदल्या दिवशी त्यांनी केस कापून घेतले. बूट असे घासले की त्यात भांग पाडावा. माझ्याकडून शर्टाला दोनदा इस्त्री करून घेतली, पहिल्या वेळी कॉलर मनासारखी बसली नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते अगदी समाधानी चेहऱ्यानं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "व्हायचंय काय? पास."

मी इस्त्री बाजूला ठेवली. एकेक करून सगळं काढून घेतलं. साहेबांनी वाका म्हटलं, तर हे नुसते वाकले नाहीत, तळवे जमिनीला टेकवले. पाय सरळ उचला म्हटलं, तर उचलले. काही त्रास आहे का, असं विचारलं, तर म्हणाले, काही नाही साहेब. साहेब खूश होऊन म्हणाले, या वयात कमाल आहे. हे सांगताना भाऊजींचा चेहरा असा फुललेला, की मला ओरडायचंही सुचेना. ताई जिन्याच्या पायरीशी उभी राहून ऐकत होती. ती खाली बसली आणि त्यांचे बूट सोडवायला लागली.

लोक म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. आमचे भाऊजी मोडले तरी वाकतात. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं आणि त्यांना हसू आलं, पण ते थोडंसंच. त्यांना कळत नव्हतं असं नाही. डोक्याला कळत होतं, अंगाला कळत नव्हतं. मेडिकल म्हणजे पास व्हायची गोष्ट, हे त्यांच्या अंगात मिसरूड फुटायच्या आधीपासून भिनलेलं. भरतीला मेडिकल, दरवर्षी टिकायला मेडिकल, अवघड रस्त्यावरच्या नेमणुकीला मेडिकल. जो नापास झाला त्याचा बिछाना संध्याकाळी गुंडाळलेला दिसायचा. जन्मभर ज्या परीक्षेची धास्ती घेतली तिच्यात एक दिवस मुद्दाम मागे राहायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी जवळून पाहिला.

दावा फेटाळला गेला. कारणं दोन होती. एक, पाठीची हालचाल पूर्ण आणि व्यवस्थित. दोन, नोकरीत असताना पाठीची तक्रार केल्याची एकही नोंद नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. अपील करायला मुदत होती. पावलाला किती मुदत होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर बधिरपणा बोटांवरून चवड्यापर्यंत सरकला होता.

माजी सैनिकांच्या कचेरीत जिन्याखालच्या खोलीत एक कारकून बसतात, तेही जुने शिपाई. त्यांच्याकडे मी आणि ताई गेलो. मी तावातावानं सगळी कहाणी सांगितली. मला वाटलं ते हसतील किंवा थक्क होतील. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले की पाठीच्या दाव्यांत निम्मे लोक असेच बुडतात. त्यातल्या त्यात तोफखान्यातले बरे, त्यांना हुकूम ऐकूच येत नाही. मग गंभीर होऊन म्हणाले, "रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, बाई. हे तर सरकार आहे."

दुसऱ्या कारणाचं उत्तर त्यांनी लवकर शोधलं. नोंद का नाही, तर तक्रार केली नाही म्हणून. तक्रार का केली नाही, हे पुढच्या खेपेला आम्ही भाऊजींना नेलं तेव्हा त्यांनी कारकुनांना सांगितलं, आम्हाला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. डोंगरातल्या रस्त्यावर ट्रकांचा ताफा वर जायचा तेव्हा ड्रायव्हर मोजकेच असायचे. एकानं आजारपणाचं नाव सांगितलं की त्याचा ट्रक नुकत्याच खाली उतरलेल्या दुसऱ्या कुणाला तरी, झोप न घेता, पुन्हा वर न्यावा लागे. तसा एकजण गेला तो आलाच नाही. त्यानंतर त्यांच्या तुकडीत पाठीचं नाव कुणी काढलं नाही. पाठ सगळ्यांचीच जायची. खड्ड्यांतून गाडी आदळायची, ओझी स्वतःच चढवावी लागायची. उपाय म्हणून ड्रायव्हर टायरच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून शर्टाच्या आत कंबरेला करकचून बांधायचे.

हे ऐकल्यावर मला त्यांचे बनियन आठवले. सुटीवर यायचे तेव्हा कपडे माझ्याकडे धुवायला असायचे आणि प्रत्येक बनियनवर कंबरेशी एक काळा पट्टा. कशानंही जायचा नाही. मी वैतागून विचारायचे, भाऊजी, तुम्ही गाडी चालवता का गाडीखाली झोपता? ते म्हणायचे, ग्रीस असतं गं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता हा माणूस, आणि मी साबणावर साबण झिजवत होते.

त्यांच्या ट्रकवरच्या जोडीदारानं दूरच्या गावाहून शपथेवर जबानी पाठवली. ट्यूबचा पट्टा आम्ही दोघं एकाच ट्यूबमधून कापायचो, असं त्यात होतं. याची पाठ माझ्या डोळ्यांदेखत गेली, असंही होतं. खाली जोडलं होतं की हा स्वयंपाक अत्यंत वाईट करतो, त्याचीही चौकशी व्हावी. कारकुनांनी ती ओळ तशीच राहू दिली. म्हणाले, खोट्या साक्षीत असलं काही नसतं.

राहिलं पहिलं कारण, म्हणजे स्वतः भाऊजी. अपिलात बोर्ड पुन्हा तपासणार होतं. तेव्हा लाँड्रीचं शटर अर्धं ओढून आम्ही त्यांची तालीम घेऊ लागलो. मी साहेब व्हायचे, कारकून खुर्चीवर बसून पाहायचे, ताई कपड्यांच्या गठ्ठ्यावर. मी म्हणायचे वाका, की भाऊजी थेट फरशीपर्यंत. पुन्हा उभे करा, पुन्हा समजवा, पुन्हा वाका, पुन्हा फरशी. पालथ्या घड्यावर पाणी.

कारकून म्हणाले, "मेजर, दुखायला लागलं की थांबायचं. एवढंच."

भाऊजी म्हणाले, "पण मला खाली जाता येतं. येतं ते येत नाही कसं म्हणू? खोटं होईल ते."

"खोटं बोला असं कोण म्हणतंय? दुखतं तिथे थांबा."

"दुखतं तिथे थांबलो असतो तर एकही गाडी वर पोचली नसती."

यावर कारकून पुन्हा चष्मा पुसायला लागले. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. आपण दुखणं आणि न जमणं एकच धरून चालतो. माझी बोटं भाजली की मी इस्त्री सोडते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण ज्याला दुखत असतानाच सगळं जमवायला शिकवलं, त्याला दुखण्याची सीमा दिसणार कुठून? आणि बोर्डाला तर नेमकी तीच सीमा मोजायची होती. मला त्या साहेबांचा राग यायचा, भाऊजींचा यायचा, आणि कुणाचाच राग धरता येत नाही म्हणून आणखी राग यायचा.

अपिलाच्या दिवशी त्यांच्याबरोबर आत मी जायचं ठरलं होतं. बोलायला कुणीतरी हवं आणि आमच्या घराण्याचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय. ताई लहानपणापासून मूग गिळून बसणारी. शाळेत तिच्या वाटची भांडणंही मीच केली. पण दारावरच्या शिपायानं सांगितलं की बाजू मांडणारे कारकून सोडले तर घरचं एकच माणूस आत जाऊ शकतं, तेही फक्त बायको. मी त्याच्याशी वाद घातला. तो म्हणाला, तुम्ही बायको आहात का? मी म्हटलं, देवानं वाचवलं. ताईनं माझ्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि ती आत गेली.

खोलीत उकडत होतं म्हणून दार खुर्ची लावून उघडं ठेवलं होतं. मी बाहेरच्या बाकावर अशी बसले की आतलं सगळं दिसावं. तीन डॉक्टर टेबलामागे. मधले अध्यक्ष, पिकल्या मिशांचे, चेहऱ्यावर सकाळपासून माणसं तपासून आलेला कंटाळा. भाऊजी समोर ताठ उभे. कारकुनांनी मांडायचं ते मांडलं, जबानी वाचून झाली. ताई भिंतीजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी धरून बसली होती. अध्यक्ष उठून पुढे आले आणि म्हणाले, "वाका."

भाऊजी वाकायला लागले. सगळ्या तालमी फुकट, हे मला त्यांच्या खांद्यांवरूनच कळलं. हात मांड्यांवरून खाली सरकत होते, एकसारखे, न अडखळता. मी डोळे मिटून घेतले. आता पाऊल गेलंच, असं मनात म्हटलं.

आणि ताईचा आवाज आला. मोठा नव्हता. "थांबा. तिथेच थांबा."

मी डोळे उघडले. भाऊजी अर्ध्यावर थांबले होते, हात गुडघ्यांच्या जरा वर. एक डॉक्टर ताईला म्हणाले की तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ती गप्प झाली.  भाऊजी त्या जागी आजवर कधी थांबलेच नव्हते, तिथून घाईनं पुढे निघून जायचे. आता थांबल्यावर त्यांचा डावा पाय थरथरायला लागला. मग कंबर. मानेवरून घाम निघून शर्टाच्या त्या कडक कॉलरमध्ये जाताना मला बाहेरून दिसत होता.

अध्यक्ष म्हणाले, "हं, आणखी खाली. वाका."

तो हुकूम होता. साहेबांचा होता. जन्मात एकदाही त्यांनी तो मोडला नव्हता. भाऊजींनी मान तिरकी करून ताईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. 

"नाही वाकणार, साहेब," भाऊजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "दुखतंय."

मग अध्यक्षांचा तो कंटाळा कुठे गेला कळलं नाही. त्यांनी स्वतः धरून भाऊजींना टेबलावर आडवं केलं, बूट-मोजे काढले, टाचणीनं पावलावर जागोजागी टोचून पाहिलं. भाऊजी छताकडे बघत राहिले. टाचणी कुठे आहे ते त्यांना सांगता येईना. उलट टेबलावर पाय नुसता उचलला तर ते ओठ चावायला लागले. अध्यक्ष म्हणाले, ओठ चावू नका, सांगा. भाऊजी सांगू लागले. सुरुवातीला एकेक शब्द, मग बरंच काही. कुठे सुरू होतं, कुठे जातं, थंडीत काय होतं, बसल्यावर काय होतं. इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. पहिल्या बोर्डात का नाही सांगितलं, असं अध्यक्षांनी विचारलं. तेव्हा ते म्हणाले की विचारलं होतं, साहेब, पण मी सलाम केल्यासारखं उत्तर दिलं.

पुढचं लवकर सांगून टाकते. अपील मंजूर झालं. इस्पितळात ऑपरेशन झालं आणि पाऊल वाचलं. दोन बोटं अजून बधिर आहेत, ती तशीच राहणार. भाऊजी आता काठी घेऊन चालतात, थोडे कललेले असतात आणि गल्ली म्हणते मेजर एकदम म्हातारे झाले. मी कुणाला समजावत बसत नाही.

पण अपिलाच्या त्या दिवसातलं मला आठवतं ते हे काहीच नाही. बोर्डाच्या खोलीतून ते दोघं बाहेर आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. निकाल लागायचा होता. मला शंभर गोष्टी बोलायच्या होत्या, पण भाऊजींचा चेहरा पाहून मी प्रथमच जीभ आवरली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ताई खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधत होती. त्यांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "कुठे थांबवायचं ते तुला कसं कळलं?"

ताई नाडी बांधत राहिली. "तुमचा श्वास अडकतो तिथे. सकाळी पलंगाखालून बूट काढता तेव्हा. मी स्वयंपाकघरात असते, ऐकू येतं."

"कधीपासून?"

"तुम्ही सुटीवर यायचात तेव्हापासून."

 इतकी वर्षं त्यांनी तुकडीपासून लपवलं, साहेबांपासून लपवलं, सगळ्यांत जास्त तिच्यापासून लपवलं. तिला त्रास नको म्हणून दात आवळून हसतमुखानं घरात वावरले. आणि ती पहिल्या दिवसापासून ऐकत होती.

"मग बोलली का नाहीस कधी?"

ताईनं गाठ मारली आणि मान वर केली. "बोलले असते तर तुम्ही तो श्वासही कोंडून धरला असता. मग मला तुमचं काहीच कळलं नसतं."

ती उठली. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि भाऊजींसमोर रडायची माझी पद्धत नाही. भाऊजी उठायला लागले. हात बाकावर टेकले, अर्धवट वर झाले आणि त्या जागी आले तेव्हा त्यांनी श्वास अडवला नाही, पुढे घाईही केली नाही. कॉरिडॉरमध्ये लोक होते, दारावरचा शिपाई बघत होता. सगळ्यांदेखत ते मोठ्यानं कण्हले आणि म्हणाले, "अगं, जरा हात दे."

ताईनं हात दिला.